खेळ्याची वाचा

खेड,
१६ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार. घरी सगळं ठीक आहे. आप्पांच्या बाबतीत डॉक्टर 'स्थिर' हा शब्द वापरतात, तोच मीही वापरते. भात झोडून झालं. आईचा गुडघा दुखतो. ती सांगत नाही, चालण्यावरून कळतं. कारखान्यात या महिन्यात माझी सकाळची पाळी आहे, त्यामुळे दुपारनंतर मी घरी असते.

कागदावर का लिहिते आहे ते सांगते. मोबाइलवर लिहिलं की तू अर्धं वाचून अंगठा पाठवतोस.

शेवटचा भाग लिहायला बसण्याआधी तुला तुझ्या 'प्राणवायूचा डाव' या श्राव्य मालिकेवरचे श्रोत्यांचे अभिप्राय हवे होते. 'मनू, तू सगळे वाच आणि तुझ्या पद्धतीने कोरडे सांग,' असं म्हणालास. मी वाचले. सांगते.

मालिका लोकांना आवडली आहे, यात शंका नाही. नांदेडच्या एका बाईंनी आपल्या लहान मुलाला ती कशी सांगितली ते लिहिलं आहे: आकाशात एक घर आहे, त्यातली हवा संपत आली आहे, आणि उरलेली हवा एका माणसाच्या ताब्यात आहे. ज्याला श्वास हवा त्याने त्याच्यासमोर बसून पत्ते खेळायचे. मुलाने विचारलं, 'तो तशीच का देत नाही?' बाई म्हणतात, याचं उत्तर सातव्या भागापर्यंत मिळालेलं नाही आणि मिळूही नये.

चौथ्या भागात यान फुटल्याचा आवाज येतो, त्यावर दोघातिघांनी टीका केली आहे. पोकळीत आवाज जात नाही. आवाज बसवताना मी तो काढला होता, तू परत घातलास. नोंद असावी म्हणून लिहिते.

नायकाबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सगळे बोलतात ते हवा ताब्यात ठेवणाऱ्या खेळ्याबद्दल. 'असा खलनायक मराठीत ऐकला नव्हता.' 'ओरडत नाही, म्हणून भीती वाटते.' पुण्याच्या एकाने लिहिलं आहे की, 'हात ओढतो हं, भिडू' हे वाक्य आलं की तो कानातले इअरफोन काढून खोलीत फिरून येतो. सात-आठच्या डावात जिंकलेला माणूस पुढच्या वाटणीला हरलेल्याच्या हातातली पानं न बघता ओढून घेतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. त्यांना 'हात ओढणं' ही तुझी कल्पना वाटते. तूही तसंच वाटू दिलं आहेस.

एक अभिप्राय वेगळा आहे. चिपळूणच्या रसिका नावाच्या मुलीचा. ती लिहिते, 'लेखकाला पत्ते येत नाहीत. भिडू म्हणजे आपल्या बाजूचा, समोर बसून आपल्यासाठी खेळणारा. ज्याच्याविरुद्ध खेळतो त्याला भिडू कोण म्हणतं?' तू तिला उत्तर दिलंस: 'हे मुंबईचं भिडू आहे, ताई. जरा बाहेर पडा.' त्याला हसणारे पुष्कळ मिळाले.

दादा, चूक तिची नाही. तुझीही नाही म्हणता येईल. गावाकडे आम्ही चौघांचा मेंढीकोट खेळायचो. गणपतीत आणि मे महिन्यात आप्पा आले की मी त्यांच्या समोर बसायची. मी त्यांची भिडू. माझ्याकडे दश्शी असली की त्यांना ती कशी कळायची देव जाणे. तू मात्र अकराव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर भांडुपच्या खोलीत. दोघंच. दोघांत भिडू असूच शकत नाही, तरी ते तुला तेच म्हणायचे, कारण त्यांना दुसरा शब्द सुचत नसावा. तू तो शब्द फक्त समोरून ऐकलास. म्हणून ही चूक जगात तूच करू शकतोस.

पाचव्या भागात खेळ्या एका मुलाला सांगतो, 'जिंकलास तर घरी जाशील.' मुलगा हरतो. मुलाला शेजाऱ्यांकडे जेवायला ठेवून खेळ्या एकटाच घरी जातो आणि तिथे सांगतो, त्याची परीक्षा आहे. मी त्या भागाचे आवाज बसवत होते. तिथे थांबले. तू आठवीत असताना गणपतीला आला नव्हतास. आप्पांनी आम्हाला हेच सांगितलं होतं. त्याच गणपतीत मी त्यांची भिडू होते आणि चारही दश्शा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी मला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवलं होतं. तेव्हा तू भांडुपला शेजारच्या सावंतांकडे जेवत होतास, हे मला इतक्या वर्षांनी तुझ्या मालिकेतून कळलं.

तेव्हा तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. बूट, सहल, गावी येणं, सगळं डावावर लावणारा बाप मला मिळाला नाही. मला त्याचा दुसरा भाग मिळाला. तू फोनवर नेहमी म्हणतोस, 'एकदा, फक्त एकदा त्यांनी माझ्यासाठी डाव सोडायला हवा होता.' ते मी लक्षात ठेवलं आहे.

आता शेवटच्या भागाबद्दल. खेळ्याचं काय करावं यावर श्रोत्यांत बरीच चर्चा आहे. बहुतेकांना तो मरायला हवा आहे. पण सर्वांत जास्त पसंती दीपक नावाच्या एकाच्या अभिप्रायाला आहे: 'मरणं सोपं आहे. त्याची वाचा घ्या. समोर पत्ते असू द्या आणि कोणालाही हाक मारता येऊ नये.' त्याखाली तू लाल बदाम टाकला आहेस. त्याच दिवशी मला तुझा निरोप आला.

तो निरोप मी इथे उतरवते, म्हणजे नंतर 'मी असं म्हटलं नव्हतं' व्हायला नको. 'आप्पा आता जसं बोलतात तसं थोडं रेकॉर्ड करून पाठव. शब्द नकोत, प्रयत्न हवा. तू त्यावर यंत्राचा पोत चढव, कोणाला कळणार नाही.'

जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू येऊन गेलास. त्यानंतर त्यांचा आवाज तू ऐकलेला नाहीस. फोन कानाला लावला की ते बोलत नाहीत, हे खरं आहे. पण पहिली आठवण तुला झाली ती या कामासाठी.

आप्पांनी मालिका ऐकली आहे. मी लावली नव्हती. आईने लावली. 'अजूचा नाटक हाय ना, ऐकू दे की त्यांना,' म्हणाली. ती सुकट निवडत बसली होती आणि आप्पा खाटेवर. तिसऱ्या भागात खेळ्या बोलला आणि आईचे हात थांबले.

"बाय, ह्ये बोलणं कोणाचं गं?"

मी म्हटलं, "नटाचं."

"आवाज नटाचा असंल. बोलणं कोणाचं?"

मी बंद करायला उठले, तर आप्पांनी डावा हात वर केला. त्यांच्याकडे आता मोजके शब्द स्पष्ट उरले आहेत. त्यांतला एक म्हणाले.

"परत."

मी परत लावलं. पुढचे काही दिवस ते रोज हेच म्हणत. सगळे भाग ऐकून झाले. पाचवा त्यांनी परत लावायला सांगितला नाही. आई त्या दिवशी तुला खूप बोलली. "भांडुपात खोलीचा भाडा भरून शिकवला, आणि ह्यो गावभर बापाची सोंगं काढतो." आप्पा म्हणाले, "ना." तिला वाटलं, ते तुझ्यावर चिडले. मला तसं वाटलं नाही. 'ना' ते तिला म्हणाले.

तुझा निरोप मी त्यांना वाचून दाखवला. परवानगीशिवाय मी कोणाचा आवाज घेत नाही. पण हे कारण पूर्ण नाही. त्यांनी नकार द्यावा आणि तो नकार तुला जसाच्या तसा कळवता यावा, म्हणून वाचला.

त्यांनी पत्त्यांकडे बोट दाखवलं.

मी त्यांना एका लाकडी पट्टीला खाच पाडून दिली आहे. तिच्यात पत्ते उभे राहतात, म्हणजे एका हाताने खेळता येतं. सात-आठ मांडला. पैज काय, ते त्यांनी खुणेने सांगितलं. स्वतःकडे बोट, मग पट्टी आडवी पाडली, मग तोंडाकडे बोट. ते हरले तर रेकॉर्ड करायचं. जिंकले तर नाही. आई म्हणाली, "आता तरी डाव सोडा ओ." त्यांनी लक्ष दिलं नाही.

मला हरायचं होतं. मी वाईट खेळत होते, तरी मला सात हात हवे होते, त्यांना आठ, आणि माझे सहा झाले होते. मग किलवरचा राजा टाकला. तो त्यांच्या एक्क्याला जाईल अशी खात्री होती. त्यांनी किलवरची अठ्ठी टाकली. माझा सातवा हात झाला. शेवटी त्यांच्या पट्टीत एकच पान उरलं. तो किलवरचा एक्का होता. माझ्या हुकमाखाली त्यांनी तो निमूट ठेवला, डाव हरले आणि खिडकीकडे बघत बसले.

तू म्हणशील, झटक्यामुळे चूक झाली असेल. मलाही ती शंका आली, म्हणून मी लगेच दुसरा डाव वाटला. त्यात त्यांनी मला एकही जास्तीचा हात दिला नाही, आणि पुढच्या वाटणीत माझी दोन पानं ओढली.

तुला हवा असलेला सोडलेला डाव हा होता. तू समोर नव्हतास.

मग त्यांनी माझ्या शर्टाची बाही ओढून मोबाइलकडे बोट दाखवलं. आईला खोलीबाहेर जायला लावलं. तक्क्याला टेकून ताठ बसले आणि बोलायचा प्रयत्न केला. अगदी तुला हवा तसा. तीनदा. घाम आला. मी थांबवलं नाही, कारण ते त्यांचं काम होतं आणि ते त्यांना पुरं करायचं होतं.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. ते मी तुला पाठवणार नाही.

आप्पांना मात्र 'पाठवलं' असं सांगितलं आहे. ते शेवटच्या भागाची वाट बघत आहेत. आपला आवाज त्यात येणार, हे त्यांनी आईला खुणांनी समजावलं आहे, आणि आईने ते शेजारीपाजारी सांगितलं आहे. तेव्हा तो आवाज त्यात असायला हवा. तो तू काढ. मागे तू मला दृश्यं समजावताना पाठवलेले तुझे आवाज आणि आप्पांनी पूर्वी मुंबईहून पाठवलेले त्यांचे मी एकाखाली एक लावून पाहिले. वाक्य कुठे खाली उतरतं, श्वास कुठे घेतला जातो, सगळं सारखं आहे. यंत्राचा पोत चढवायची गरज नाही. एवढा चांगला नट आणण्याचीही नव्हती. माइकसमोर बस, तोंडाची एक बाजू हलत नाही असं समज, आणि कोणाला तरी हाक मारून बघ. श्रोत्यांना आवडेल.

आप्पांनी कोणता शब्द म्हणायचा प्रयत्न केला, ते मी इथे लिहीत नाही. लिहिला तर तू तो वापरशील. तुझ्या भागासाठी नको असेल आणि नुसता ऐकायचा असेल, तर त्याला मुद्रणाची गरज नाही. दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की ते अजूनही तो म्हणायला बघतात. मी घरात असते, आई घरात असते. तेव्हा तो आमच्यापैकी कोणाचं नाव नाही, एवढं मला कळतं.

आईने आशीर्वाद सांगितले आहेत. मालिकेच्या शेवटी 'ध्वनी-संयोजन' म्हणून माझं नाव घेतात, ते यापुढे घेऊ नकोस. ते इथे खाली लिहून ठेवते, तेवढं पुरे.

मनस्वी