अर्धी टोपली

ता. १२ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या जाऊबाईंस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिते. उदंड आयुष्य लाभो. माझ्यापेक्षा जास्त जग, म्हणजे माझ्यामागे माझ्याबद्दल बोलायला भरपूर वेळ मिळेल. मी ठीक आहे. तूही ठीक असणार, तुझा आवाज वरपर्यंत ऐकू येतो.

एकच घर, मध्ये एक जिना, आणि मी तुला पत्र लिहिते आहे. कोणी ऐकलं तर दोघींना वेड्यात काढेल. काढू दे. शनिवारी खाली आपल्या लाँड्रीत, चादरी न्यायला आलेल्या त्या गेस्ट हाऊसच्या मॅनेजरसमोर तू जे बोललीस, त्यानंतर तुझ्याशी तोंडाने बोलायची मला इच्छा नाही. शिवाय मी बोलायला लागले की तू मध्येच तोडतेस. इथे निदान शेवटपर्यंत बोलता येईल.

काय म्हणालीस ते आठवतं ना? "आमच्या जाऊबाईंचे गुडघे फक्त टोपली दिसली की दुखतात. एरवी जिना कसा टणाटणा चढतात बघा!" मॅनेजर हसला. तुझी सून मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिली. तेवढ्याने भागलं नाही म्हणून वर आणखी म्हणालीस, "अंगचोर आहेत, दुसरं काही नाही."

अंगचोर! मी!

तू लग्न होऊन आलीस तेव्हा ओल्या चादरींची टोपली मशीनपासून गच्चीवर कोण नेत होतं? पोटुशी असतानाही मीच नेत होते, आणि बाळंतपणातून पुरती सावरायच्या आत पुन्हा मीच. सासूबाई खालून ओरडायच्या, "दम धर आणि उचल!" मी दम धरायचे आणि उचलायचे. तू तेव्हा इस्त्रीच्या टेबलाशी होतीस, कारण तू नाजूक होतीस. पुढे तूही उचललंस, अगदी माझ्या बरोबरीने उचललंस, ते मी नाकारत नाही. मी तुझ्यासारखी नाही.

आता मुद्द्याचं. भाऊजींनी रविवारी सगळ्यांना खाली बोलावलं आहे. माझ्या मुलालाही फोन गेला. विषय मी. टोपली उचलायची नसेल तर वहिनींनी लाँड्रीत उतरूच नये, वर आराम करावा, त्यांच्या जागी बाई ठेवू, असं ठरतंय म्हणे. हे शब्द भाऊजींचे असतील, पण शिवण तुझी आहे. हे गेल्यापासून मला ती लाँड्रीच घर आहे. साबणाचा वास, गिऱ्हाइकांची कटकट, मशीनची घरघर, त्यात माझा दिवस जातो. वरच्या खोलीत भिंतींशी बोलत बसायला लावाल तर मी वर्षभरसुद्धा टिकणार नाही. हे तुला माहीत आहे, म्हणूनच राग येतो.

माझं म्हणणं साधं आहे. काउंटर बघीन, घड्या घालीन, डाग काढीन. तुमच्यापैकी कोणाला शाईचा डाग काढता येतो? टोपलीही नेईन, पण अर्धी. दोन खेपा लागल्या तर लागल्या. गुडघ्यांमुळे तसं सांगितलं आहे डॉक्टरांनी. याच्या पलीकडे विचारू नकोस.

आणि तुझ्या सुनेला भरलेली टोपली देऊ नकोस. तिचं बाळ अजून मान धरत नाही. मी तिला अर्धी भरून देते आणि तू येऊन वरून दोन चादरी कोंबतेस. काय मिळतं तुला त्यात?

रविवारच्या आत उत्तर दे.

तुझी थोरली जाऊ
(तुझ्या भाषेत अंगचोर)



ता. १५ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

आज आशीर्वाद नाहीत.

उत्तर मिळालं. माझ्याच पत्राच्या पाठीमागे, कपड्यांवर खुणा करायच्या पेनाने: "नाचता येईना अंगण वाकडं." पुढे सही नाही, काही नाही. त्या पेनाची शाई कितीही धुतली तरी जात नाही, हे आपल्या दोघींइतकं कोणाला ठाऊक आहे? आणि तो कागद माझ्या दाराखाली न सरकवता तू काउंटरवर ठेवलास. दुसऱ्या कोणी वाचावा म्हणून. वाचला असेल तुझ्या सुनेने. आज दिवसभर ती माझ्याकडे बघत नव्हती.

तर आता ऐक. माझे गुडघे ठणठणीत आहेत. तुझं बरोबर होतं. गुडघ्यांचं मी खोटं सांगत होते.

माझं अंग बाहेर येतं.

लिहिलं एकदाचं. लिहून उठले, पाणी प्यायले, दाराला कडी आहे का बघितलं. या वयात आणि अशी लाज! पण बाईला गुडघ्यांची लाज वाटत नाही, पाठीची वाटत नाही, याचीच वाटते. म्हणून मुलाने विचारलं तेव्हाही गुडघेच सांगितले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या वर्षी टोपली उचलताना खाली काहीतरी सरकल्यासारखं झालं. अंघोळ करताना हाताला लिंबाएवढं लागलं. मला वाटलं, संपलं, हा कॅन्सर. आडवी झाले की आत जायचं, दुपारपर्यंत उभी राहिले की पुन्हा जड, ओढल्यासारखं, जणू काही पडायला आलंय. शिंकले की लघवीचा थेंब. मी कोणाला सांगितलं नाही. आणि उपाय काय केला असेल? आपल्या धंद्यातल्या बाईला जो सुचावा तोच. जे सुटतंय ते आवळायचं. जुनी सिंगल चादर घेतली, उभी घडी घातली, चांगला पीळ दिला आणि पोटावर कचकचून बांधली. खाली उतरलं की आणखी आवळायची. लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी तोडलं. मग शौचाला खडा, मग जोर, मग आणखी खाली. शेवटी रक्ताचा डाग दिसला तेव्हा घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी तपासलं, चादर सोडवली आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, "अहो, टूथपेस्टची ट्यूब मधोमध दाबली तर पेस्ट कुठे जाईल?" मी ओशाळून हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्याकडे येणाऱ्या बायांत तुमच्यासारख्या खूप आहेत, फक्त त्या एकमेकींना सांगत नाहीत. रक्ताचा डाग कशामुळे, याची वेगळी तपासणी करून घेतली, त्यात वावगं काही निघालं नाही. गर्भपिशवी खाली सरकली आहे, पण ऑपरेशनची घाई नाही, म्हणाल्या. आधी रिंग बसवू, व्यायाम करा, नाही भागलं तर ऑपरेशन कुठे पळून जात नाही.

मऊ रिंग असते, आत बसते, आधार देते. ठरावीक महिन्यांनी जाऊन तपासून घ्यायची. आणि त्यांच्याकडच्या व्यायामवाल्या बाईंनी शिकवलं ते असं: लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरतो तसं आतल्या आत आवळायचं, वर ओढायचं, धरायचं आणि मग सावकाश पूर्ण सोडायचं. श्वास अडकवायचा नाही. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. मी काउंटरवर बसून करते. गिऱ्हाईक हरवलेल्या उशीच्या अभ्र्यावरून भांडत असतं, मी वर ओढत असते, आणि त्याला वाटतं, बाई किती शांतपणे ऐकून घेतात! कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल, पाणी भरपूर, जोर बिलकूल करायचा नाही. आणि उचलायचंच असेल तर अंगाजवळ धरून, श्वास सोडत उचलायचं. सासूबाईंचं नेमकं उलटं. दम धरून उचललं की सगळा भार खाली जातो. आयुष्यभर आपण दम धरला आणि एकमेकींना शाबासकी दिली.

बरं झालेलं नाही, हे तुला स्पष्ट सांगते. ते गेलेलं नाही. पण सांभाळलं जातं. संध्याकाळपर्यंत उभी राहते. शिंकायची भीती गेली. हसायची भीतीही गेली, पण हसण्यासारखं तू काही ठेवलं नाहीस.

आता तुझं.

गेल्या महिन्यात गच्चीवर तू वाकलीस तेव्हा मला तुझ्या कंबरेची चादर दिसली. निळ्या काठाची, आपल्याच कपाटातली, उभी घडी, पीळ घातलेली. विचारलं तर म्हणालीस, "पाठ धरलीये." शिंक आली की पाय आवळून भिंत धरतेस. दुपारी गठ्ठ्यांवर पाय टाकून आडवी होतेस आणि कोणी आलं की ताडकन उठतेस. पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच असते. माझे गुडघे आणि तुझी पाठ! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण तुझ्यासाठीच कोणी करून ठेवली आहे.

तू खाष्ट आहेस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्याचा राग नाही. जावा जावा, उभा दावा, हे काही आपल्यापासून सुरू झालं नाही. राग याचा आहे की या अख्ख्या जगात हे सांगावं अशी माझ्याजवळ एकच बाई होती. नवऱ्याला सांगितलं नसतं, तो असता तरी. बहीण नाही. तू होतीस. ओल्या चादरीचं दुसरं टोक इतकी वर्षं तुझ्या हातात होतं. मी रोज ठरवायचे, आज हिला सांगू. आणि तीच बाई, स्वतःच्या कंबरेला चादर आवळून, परक्या माणसासमोर मला अंगचोर म्हणाली. तुला शिव्या दिल्या मी. मनात दिल्या, भरपूर दिल्या, अजून संपलेल्या नाहीत.

नंतर एक गोष्ट लक्षात आली. मी टोपली खाली ठेवली, ते तुला बघवलं नाही. तू ठेवू शकत नाहीस, कारण ठेवलीस तर विचारतील, का? आणि सांगायला तुझ्याकडे गुडघेही उरले नाहीत, ते मी आधीच घेतले. म्हणून तू भरलेली उचलतेस, आणि सुनेच्या टोपलीतही कोंबतेस. ती उद्या आपल्यासारखी झाली तर तीही कपाटातली चादर काढेल. तिला विचारायला कोण असेल? तू? पाठ धरलीये म्हणून सांगशील तिला.

रविवारी मी खाली येणार आहे. भाऊजी बोलायला लागायच्या आत मीच बोलणार. मुलासमोर, भाऊजींसमोर, तुझ्या सुनेसमोर. गुडघे म्हणणार नाही. जे आहे त्याचं जे नाव आहे तेच घेणार. माझा आवाज कापेल, मुलगा जमिनीकडे बघेल, भाऊजींना एकदम पंखा पुसायचं आठवेल. बघू दे, पुसू दे. ते ऐकूनही कोणाला मला वर बसवायचं असेल, तर त्याने माझ्या तोंडावर तसं सांगावं.

तुझं मी काही सांगणार नाही. ते तुझं आहे. पण सोमवारी तुझ्या सुनेच्या हातात भरलेली टोपली दिसली, तर गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात सांगेन, आणि तेव्हा मला वाईट वाटणार नाही.

डॉक्टरीणबाईंकडे मंगळवारी सकाळी माझी तपासणी आहे. फोनवर त्यांनी विचारलं, सोबत आणखी कोणी येणार का? मी हो म्हणाले. नाव विचारलं, तर सांगितलं, माझी जाऊ. चिडून आलीस तरी चालेल. वाटेत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस तरी चालेल. पण आत मी तुझ्यासोबत येईन. मी एकटी गेले होते पहिल्यांदा, आणि ते मी तुला करू देणार नाही.

तुला अजून माफ न केलेली,
तुझी जाऊ