एकशे बारा नंबरच्या पेशी

प्रिय चिंगे,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडायला निघशील, म्हणून आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाहीये. आईला कुणी सांभाळायचं यावरून तू फेकलेल्या इस्त्रीचे सात टाके आता केसांत लपतात. त्याआधी मी तुझा हात कट्ट आवाज येईपर्यंत पिरगळला होता, हे मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

काम तेच चाललंय. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यातलं एक एंझाइम किती चेकाळलंय ते मोजायचं. पेशीला 'वाढ' असा निरोप देणं हे त्याचं काम. निरोगी पेशीत ते निरोप देऊन गप्प बसतं. या पेशींत ते बोंबलतच राहतं, आणि जितकं बोंबलेल तितकी पेशी खुनशी. नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर, म्हणून आम्हीच नावं ठेवतो. एकशे बाराला मी 'कैदाशीण' म्हणायचे. उंदरांना टोचल्यावर तीन आठवड्यांत तिने त्यांच्या प्लीहा फाडल्या, मणक्यात घुसून मागचे पाय लुळे केले. तडफडणाऱ्यांच्या माना मी माझ्या हातांनी मोडल्या. आणि एंझाइमचा आकडा आला तेव्हा, खरं सांगते, मी टाळ्या वाजवल्या. एवढा आकडा आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. सगळ्यांना चहा पाजला.

काल नमुने पाठवणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. एकशे बाराची घाई नको म्हणाले, पेशंटच पळाली. सलाईनचा स्टँड काचेवर घातला, ब्रदरच्या हाताला रक्त येईपर्यंत चावली, आणि 'बहिणीला कळवलंत तर एकेकाला बघून घेईन' असं ओरडत गेली. बहीण काय करते, असं विचारलं तर म्हणे, 'उंदीर मारते.' ते हसत होते. 'ती बहीण मीच' एवढं सांगून मी फोन ठेवला.

चिंगे, ते एंझाइम बंद पाडणारी एक गोळी आहे, अजून चाचणीत असलेली. तुझ्या पेशी टोचलेल्या आठ उंदरांना ती दिली, त्यातले पाच अजून जाळीवर चढतायत. तीन मेले, तेही लपवत नाही. नेहमीच्या औषधांवर ठेवलेले आठच्या आठ गेले. डॉक्टर तुला चाचणीत घ्यायला तयार आहेत, पण सही तुझी लागते. पेशंटला हे परस्पर कळवल्याबद्दल माझी नोकरी जाईल, जाऊ दे. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतेय. दार उघडलंस की हाताला लागेल त्याने मार, मी हात उचलणार नाही. पण मारून झालं की चपला घाल.

तुझीच,
ताई