बॅटरी नसलेली गाडी

मंगळवार, पौष. संध्याकाळचे आठ.

आज मी खोटं बोललो. चाळीस वर्षं भुताखेतांविरुद्ध व्यासपीठावरून ओरडून सांगतोय, हात लावून पाहा, मगच माना. आज हात लावला आणि...

सक्करदऱ्याला वहिनींकडे गेलो होतो. माझा भाऊ विनायक जाऊन दोन वर्षं झाली, त्याची लाडकी परदेशी गाडी तेव्हापासून शेडमध्ये उभी आहे. उद्या ती घ्यायला गिऱ्हाईक येणार. पण वहिनी म्हणतात, रोज संध्याकाळी सातला, विनायकच्या परतायच्या वेळी, इंजिन टिकटिकतं. दूरवरून आलेलं इंजिन निवताना टिकटिकतं, अगदी तसं.

"भाऊजी, तुमी पाहून सांगा. काही नसन तर विकून टाकीन."

मेकॅनिक गजाननला सोबत नेलं. तो हसला. "सहा लिटर, बारा सिलिंडर, हवा कोंबाले टर्बो नाही. हवा स्वतःच ओढते साहेब, बिघडाले यात आहेच काय? अन् बॅटरी तर माह्या दुकानात पडली आहे."

नेहमीसारखं त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मी ऐकलं. टिक. टिक. मग इंजिनवर तळहात ठेवला. कोमट. दिवसभराच्या उन्हामुळे? त्या शेडमध्ये ऊन येत नाही. खरंच कोमट होतं का? होतं.

बाहेर येऊन म्हणालो, "काही नाही वहिनी. गार आहे."

"मग तळहात काहून पाहून राहिले, भाऊजी?" त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाईकासाठी सोडून ठेवलेली गाडीची किल्ली त्यांनी पुन्हा पदराला बांधली.