पिवळी पाकिटं

सोमवार, ३ फेब्रुवारी

गणिताच्या बाईंनी राजीनामा दिला! अकरा वर्षांची नोकरी आणि अर्जात दीड ओळ — "वैयक्तिक कारणास्तव, महिनाअखेरपासून." कारण विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "काही नाही सर, थकले." आठवी-क ला गणिताची गोडी लावणारी दुसरी बाई मला कुठे मिळणार? त्यापेक्षा शाळेला टाळं ठोका.

घरी हिला सांगितलं. "त्यांना कधी चांगलं म्हणालात?" म्हटलं, मनात रोज म्हणतो. "तुमच्या मनातलं मलाही अठ्ठावीस वर्षांत ऐकू आलेलं नाही."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हिचं खरं आहे. मुख्याध्यापक होऊन नऊ वर्षं झाली, चुका तेवढ्या दाखवल्या. म्हटलं, आजच सुरुवात. व्हरांड्यात चित्रकलेच्या सरांना गाठून म्हणालो, "शर्ट छान आहे." ते जागीच थबकले. "सर, रविवारी मला नाही जमणार. सासरे आजारी आहेत." अरे, रविवारचं नाव कोणी काढलं होतं!

तोंडी आपल्याला जमायचं नाही. जीभ टाळ्याला चिकटते. लिहून देतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

चौदा शिक्षक, चौदा पत्रं. प्रत्येकाला वेगळं आणि खरं. बाईंचं चार वेळा फाडलं. कार्यालयातली पाकिटं घेतली, शिक्के मारले आणि शिपाईमामांच्या हाती दिली. मामा पाकिटांकडे बघतच राहिले. "सगळ्यांनाच, सर?"

"सगळ्यांनाच!"

मामांनी कपाळाला हात लावला. वय झालं त्यांचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये सुतक. मी आत पाऊल टाकलं की सगळे उठून उभे. डबे उघडे, पण घास कोणाच्या घशाखाली उतरेना. इतकं कौतुक एकदम पचलं नसावं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

टेबलावर तेरा खुलासे! खेळाचे सर लिहितात, "होय, दुपारी गाद्यांच्या खोलीत मी आडवा होतो, परंतु केवळ पाठदुखीमुळे." चित्रकलेचे सर — "पृथ्वीगोल माझ्याच हातून फुटला. सहा वर्षं झोप नाही." भाषेच्या बाईंची तर दोन पानं, आणि त्यातला एकही गुन्हा मला ठाऊक नव्हता!

मामांना बोलावलं. "अहो सर, पिवळं पाकीट म्हणजे 'कारणे दाखवा' नोटीस. या शाळेत त्यातून दुसरं काही निघालंय का कधी? उघडतंय कोण! न वाचताच खुलासे लिहिले सगळ्यांनी."

डोंबल माझं! हसावं की रडावं? चौदावा खुलासा नाहीच. गणिताच्या बाईंनी पाकीट न फोडता कपाट रिकामं करायला घेतलंय. मामांना म्हणाल्या म्हणे, "जाताजातासुद्धा नोटीस!"

शनिवार, ८ फेब्रुवारी

तिसरा तास, आठवी-क. आज दार ढकलून थेट आत गेलो. "बाई, ते पाकीट उघडा."

त्यांनी ते पर्समधून काढून माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच वाचा, सर. वर्गासमोरच होऊन जाऊ दे."

चाळीस पोरं टकामका बघतायत. पाकीट फोडलं, वाचलं —

"बाई, तुमच्या वर्गात चुकीचं उत्तर द्यायला कोणी घाबरत नाही. मला लहानपणी गणिताच्या तासाला पोटात दुखायचं. गेली दोन वर्षं तिसऱ्या तासाला मी तुमच्या दाराबाहेर उभा राहून ऐकतो. अपूर्णांक मला पंचावन्नाव्या वर्षी कळले."

पोरं फिदीफिदी हसली. बाई हसल्या नाहीत. खडू खाली ठेवला. "दाराच्या काचेत रोज तुमची सावली दिसायची, ती... ऐकायला?"

"मग कशाला?"

"मला वाटलं, माझ्या चुका टिपताय. दोन वर्षं, सर! रोज तिसऱ्या तासाला हात कापायचे माझे. त्यापायीच तर..." घंटा झाली. त्या डोळे पुसत निघून गेल्या.

म्हणजे त्यांना मीच घालवत होतो. कार्यालयात दार लावून रडलो. लिहायला लाज कसली!

रविवार, ९ फेब्रुवारी

जेवताना हिला म्हणालो, "भाजी छान झालीय." ही म्हणाली, "काय हवंय?"

सोमवार, १० फेब्रुवारी

टेबलावर पिवळं पाकीट. माझ्या नावाचं, बाईंच्या अक्षरात! हात पुढे होईना. मामा म्हणाले, "उघडा की सर, खातंय का ते!"

आत त्यांचा राजीनामा, त्यावर आडवी लाल रेघ. खाली लिहिलं होतं — "तास ऐकायचा तर बाहेर का उभे राहता? कारणे दाखवा. शेवटच्या बाकावर जागा आहे. वही घेऊन येणे."