नावाआधीचं 'कै.'

मालवण, सोमवार, १९५८

वाचनालयाच्या स्मरणिकेत माझं चरित्र छापून आलंय. माझं साप्ताहिक, राजद्रोहाचा खटला, कौन्सिलातली भाषणं, सगळं बरोबर. फक्त नावाआधी 'कै.'! इंग्रजांनासुद्धा जे जमलं नाही ते यांनी एका अक्षरात केलं. प्रूफ तपासलं कोणी? तडक वाचनालय गाठलं. कुडाळहून आलेले नवे चिटणीस माझं नाव ऐकून दचकलेच. "अरे देवा! तुमी आसात?"

"आसंय!" मी ओरडलो. निवडणूक हरलो म्हणजे काय मेलो?

घरी येऊन लाल पेन्सिलीने ते 'कै.' खोडायला बसलो. बायको खांद्यावरून वाचू लागली: निर्भीड, निःस्पृह, मृदुभाषी. मृदुभाषी? मी? तिने पेन्सिलच काढून घेतली.

"ऱ्हवांदे तसाच. जित्या माणसाक इतक्या बरा कोण म्हणता?"