आत्याच्या जवारीची मुळं

२६ नोव्हेंबर
सकाळी चारही वाणांची मुळं आणली. धुतली, उकळली, बुरशी दिसावी म्हणून निळ्या रंगात बुडवली. तीन वाण आमच्या कृषी कॉलेजचे, चौथी वत्सलाआत्याची गावरान जवारी. माती एकच, पाणी एकच. त्या तिन्ही वाणांच्या मुळांत बुरशी कुठे कुठे, नावाला. आत्याच्या जवारीत मात्र धाग्यांचं जाळंच! हीच ती मित्रबुरशी, लांबचं अन्न मुळांपर्यंत आणून देणारी. माझे गाइड मोठे सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून होते. म्हणाले, "फुलोऱ्यात परत हेच दिसलं तर प्रबंध लिहायला घ्या."
तीन वर्षांत पहिल्यांदा असं म्हणाले.

२७ नोव्हें.
आत्याला काटोलला फोन. सांगितलं, तुझ्या जवारीच्या मुळांत खूप बुरशी आहे.
"बुरशी? म्हंजे खराब झाली का वं?"
समजावलं. किती समजलं देव जाणे. "माही माय हेच पेरे," एवढंच म्हणाली. होतं ते बी तिने मलाच दिलंय. तिच्या मुलाने, नरेशने, सगळ्या वावरात संत्रा लावलाय.

९ डिसें.
शेजारच्या हरभऱ्यावर मर रोग. त्याच्या मुळाशी बुरशीनाशक ओतायचं होतं. ते माझ्या जवारीतही ओतलं गेलं. पोचले तेव्हा शेवटची ओळ चालू. रामटेके काका, शेतावरचे सगळ्यात जुने मजूर, पंप पाठीवर घेऊन उभे.
"मॅडम, बुरशीचंच औषध हाये न? तुमचं काम बी बुरशीचंच. मले वाटलं..."
काकाच विचारत राहिले, पाणी सोडू का, धुऊन जाईन का.

२१ डिसें.
फुलोऱ्यातली मुळं पाहिली. आत्याच्या जवारीत काही नाही. सकाळपासून पाच वाजेपर्यंत, तुकड्यामागून तुकडा. काही नाही.
परत पेरायचं तर बी कुठलं? शेजारच्या वाणांचे पराग पडलेत, इथलं बी भेसळीचं निघणार. सर म्हणाले, "एका निरीक्षणावर प्रबंध होत नाही." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२८ डिसें.
काटोल. वाटलं होतं निदान तिथली, बुरशी जिवंत असलेली माती तरी आणू. नरेशने कलमं लावताना प्रत्येक खड्ड्यात बुरशीनाशक टाकलेलं. "तुमच्याच कृषीवाल्यायनं सांगतलं न ताई." तोही बरोबरच. धुऱ्याकडची, बांधाजवळची, औषध न पडलेली पिशवीभर माती घेतली.
आत्याने गाडगं उपडं केलं. मूठभर दाणे, अर्ध्यांना भोकं. तिने फुंकर घालून भुसा उडवला. "उगवन का वं?"
बघू, म्हटलं.

१९ जाने.
धुऱ्याची माती भरून कुंड्यांत आत्याचे दाणे पेरले होते, चारच उगवली. सर म्हणतात, चारही उपटा, मुळं बघा. एका रोपावरून काही सांगता येत नाही. खरं आहे. पण उपटली की आत्याची जवारी संपली. ठेवली, तर ती बुरशी वाणामुळे येते की आणि कशामुळे, ते कधीच...
दुपारी आत्याचा फोन. "का करून राहिली?"
"पाणी घालून राहिले."
"उगवली?"
"उगवली."
"मंग चूप काहून हायेस?"
सर उद्या अकराला मुळं बघायला येतायत.