अप्पांच्या नावाची हजेरी

छत्रपती संभाजीनगर,
आपलं सिमेंटचं दुकान

अप्पा,

पाया पडतो, कान नका धरू. हे पत्र गल्ल्यातच ठेवतोय, तुमच्यापर्यंत आता कोणता पोस्टमन येणार?

कंपनीची ती युरोपातली बोटीची सहल तुमी तीन वर्षं गोण्या विकून जिंकली, अन् दोन महिने आधीच आमाला सोडून गेले. मंग तुमच्या जागी मी गेलो. आठवडाभर ऱ्हाईन नदीत. काठानं किल्लेच किल्ले, पण आपल्या दौलताबादची सर एकालाबी नाय.

रोज सकाळी गाइड डीलरांची हजेरी घ्यायचा. यादीत नाव तुमचंच राहिलं होतं. "रामकिसन सोळुंके!" पहिल्या दिवशी मी तुमच्या आवाजात ओरडलो, "बोला मालक, किती गोण्या?" दुकानाच्या फोनवर हीच नक्कल करून मी गिऱ्हाइकं फसवायचो, अन् तुमचा मार खायचो. सगळे डीलर लई हसले. वैजापूरचे सदाशिवकाका मात्र डोळे पुसत म्हणले, "पोरा, उद्याबी कर."

रोज केली. शेवटच्या सकाळी मी गपच बसलो. म्हणलं, बघू, तुमी सोता ओ देता का.

गाइडनं तुमचं नाव तीनदा पुकारलं, अप्पा.

तुमचा नकल्या,
इंद्रजीत